'लुकिंग फॉरवर्ड टू…' बरोबर कसं लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्राच्या नाहीतर ईमेलच्या शेवटी येणारी ही एक ओळ. तिच्यावरून मला जितके प्रश्न येतात तितके बाकीच्या सगळ्या इंग्रजीवरून मिळून येत नसतील. विचारणारे बहुतेक नाशिककरच: पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्ष निर्यातदार, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले परचेस आणि मार्केटिंगवाले, कॉलेज रोडला आयईएलटीएसच्या (परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या) क्लासला येणारी मुलं, आणि हल्ली २०२७ च्या कुंभमेळ्याच्या बुकिंगसाठी परदेशी पाहुण्यांना पत्रं लिहिणारे हॉटेलवाले. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नुसता नियम हवा असेल त्यांनी पहिले दोन वाचून पान बंद केलं तरी चालेल.

१. मॅडम, 'टू हिअर' की 'टू हिअरिंग'? एकदाचं सांगून टाका.

'टू हिअरिंग'. पूर्ण वाक्य असं: "आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू." सुरुवात 'आय लुक'ने करा, 'आय ॲम लुकिंग'ने करा की नुसत्या 'लुकिंग'ने, 'टू'च्या पुढे क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतंच. मीटिंग, रिसीव्हिंग, वर्किंग. पुढे नाम असेल तर प्रश्नच मिटला: "वी लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय."

दोन क्रियापदं 'अँड'ने जोडली की मात्र चांगल्या-चांगल्यांचा पाय घसरतो. बर्लिनला फेब्रुवारीत फ्रूट लॉजिस्टिका प्रदर्शन भरतं, त्याआधी इकडून जाणाऱ्या ईमेलमध्ये हे नेहमी दिसतं: "वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युअर ऑर्डर अँड मीट यू इन बर्लिन." पहिल्याला आयएनजी दिलं तसंच दुसऱ्यालाही द्यायचं: "अँड मीटिंग यू इन बर्लिन."

२. पण शाळेत तर 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप शिकवलं होतं. मग ते चूक होतं का?

चूक नव्हतं, अर्धं होतं. इंग्रजीत 'टू' दोन आहेत. 'आय वॉन्ट टू गो', 'आय हॅव टू पे' यांतला 'टू' क्रियापदाला चिकटलेला असतो आणि त्याच्यापुढे मूळ रूपच येतं. 'टू नाशिक', 'टू द मॅनेजर' यांतला 'टू' म्हणजे प्रिपोझिशन, त्याला पुढे नाम लागतं. क्रियापदाला त्या जागी बसायचं तर आयएनजी लावून नामासारखं व्हावं लागतं. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' हा दुसरा. शाळेत पहिला 'टू' आधी येतो आणि घोटून घेतात, म्हणून हात तिकडेच वळतो.

शंका आली तर 'टू'च्या पुढचं सगळं खोडून तिथे 'धिस' लिहून बघा. "आय लुक फॉरवर्ड टू धिस" हे वाक्य पूर्ण वाटतं. "आय वॉन्ट टू धिस" लंगडतं. 'धिस' बसलं तर आयएनजी, नाही बसलं तर मूळ रूप. व्याकरणाची नावं विसरलात तरी एवढ्यावर काम भागतं.

३. ही 'धिस'ची युक्ती आणखी कुठे चालते?

बऱ्याच ठिकाणी. सगळ्यांत उपयोगी पडते ती 'यूज्ड टू'ला, कारण तिथे दोन्ही वाक्यं बरोबर असतात आणि अर्थ मात्र वेगळे. "आय यूज्ड टू लिव्ह इन पंचवटी" म्हणजे पूर्वी पंचवटीत राहायचे, आता नाही. "आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन पंचवटी" म्हणजे तिथलं राहणं अंगवळणी पडलंय. 'आय ॲम यूज्ड टू धिस' बसतं, 'आय यूज्ड टू धिस' बसत नाही.

व्यवहारातल्या पत्रांत येणारे बाकीचे: 'ऑब्जेक्ट टू', 'इन ॲडिशन टू', 'प्रायर टू', 'विथ अ व्ह्यू टू', 'व्हेन इट कम्स टू', 'डेडिकेटेड टू'. सगळ्यांपुढे आयएनजी. 'कमिटेड टू'चाही सुरक्षित मार्ग तोच. एमआयडीसीतून कधी निवांत चक्कर मारली तर गेटवरचे क्वालिटी पॉलिसीचे फलक वाचून बघा, 'कमिटेड टू सॅटिस्फाय' लिहिलेला एखादा तरी सापडेल. फलक रंगवायला देण्याआधी तिथे 'सॅटिस्फाइंग' करून घ्यावं.

४. 'आय लुक', 'आय ॲम लुकिंग' आणि नुसतं 'लुकिंग' यांत बरोबर कुठलं?

तिन्ही चालतात, फरक सलगीचा आहे. 'आय लुक फॉरवर्ड' किंवा कंपनीतर्फे 'वी लुक फॉरवर्ड' हे सगळ्यांत औपचारिक. नवीन खरेदीदाराला पहिलं पत्र, बँक, दूतावास, विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय, तिथे हेच. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड' जरा मोकळं, ओळखीच्या माणसाला शोभणारं. नुसतं 'लुकिंग फॉरवर्ड टू' हे कर्ता गाळलेलं, खरं तर अपुरं वाक्य आहे. रोजच्या ईमेलमध्ये त्याला कोणी नाक मुरडत नाही, पण लेटरहेडवरच्या पत्रात मी ते ठेवत नाही.

काही जण सांगतात की 'आय ॲम लुकिंग' हे आपल्याकडचं बिघडलेलं इंग्रजी आहे, 'आय ॲम हॅविंग अ डाउट'सारखं. तसं काही नाही. इंग्रज माणूसही रोज असंच लिहितो.

५. या ओळीनंतर स्वल्पविराम की पूर्णविराम?

पूर्णविराम. वाक्य तिथे संपतं. मग नवीन ओळीवर 'युअर्स फेथफुली' किंवा 'युअर्स सिन्सिअरली', आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम.

हा गोंधळ जुन्या पत्रांतून आलाय. पूर्वी पत्राचा शेवट एकाच लांब वाक्यात व्हायचा: "लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू, आय रिमेन, युअर्स फेथफुली." मधला 'आय रिमेन' काळाच्या ओघात गळाला आणि स्वल्पविराम लटकत राहिला. आपल्याकडे 'थँकिंग यू,' अजून तसंच लिहितात तेही त्यातूनच. आज 'थँक यू.' लिहून मोकळं व्हावं.

जाता जाता: 'डिअर सर' लिहिलं असेल तर खाली 'युअर्स फेथफुली', नावाने सुरुवात केली असेल तर 'युअर्स सिन्सिअरली', ही ब्रिटिश पद्धत.

६. 'लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय' असं पाहिलंय. 'फॉर' चालत नाही का?

नाही. 'वेट फॉर' आणि 'लुक फॉर' डोक्यात असतात, त्यातला 'फॉर' इथे घुसतो. आणि 'लुक फॉर' म्हणजे तर शोधणं. 'अवेट'ची गंमत उलटी आहे, त्याला 'फॉर' लागतच नाही: "वी अवेट युअर रिप्लाय" किंवा "वी आर वेटिंग फॉर युअर रिप्लाय", यांतलं एक घ्या.

'लुक फॉरवर्ड'च्या पुढे 'दॅट'ने सुरू होणारं वाक्यही जोडता येत नाही. "वी लुक फॉरवर्ड दॅट यू विल व्हिजिट" चूक. तिथे 'होप' वापरा: "वी होप दॅट यू विल व्हिजिट." 'होप' आणि 'एक्स्पेक्ट' यांच्यापुढचा 'टू' पहिल्या जातीचा, म्हणून 'होप टू हिअर' बरोबर.

७. ओळ बरोबर लिहिली तरी उत्तर वेळेवर येत नाही. 'ॲट द अर्लिएस्ट' जोडलं तर फरक पडेल का?

पडेल, पण भलताच. आपल्याकडे 'ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे लवकरात लवकर. ब्रिटन-अमेरिकेत 'मंडे ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे सोमवारच्या आधी नाही. तुम्ही घाई करताय आणि समोरच्याला वाटतंय की फार लवकर नको. 'ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनिअन्स' वाचून कळेल, पण त्यात 'तुमच्या सवडीने' येतंच. द्राक्ष तोडून पॅकहाउसला आली की सवड कोणाला परवडते?

दिंडोरीकडच्या एका निर्यातदाराच्या ईमेलचा शेवट असा होता: "काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट. लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम युअर गुड सेल्फ." हवं काय होतं? पनेटवर, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्यावर, लावायच्या लेबलच्या डिझाइनला नेदरलँड्सच्या खरेदीदाराची मंजुरी. लेबल पक्कं झाल्याशिवाय पॅकिंग सुरू होणार नव्हतं, आणि हे अख्ख्या ईमेलमध्ये कुठेच नव्हतं.

बदलून असं झालं: "प्लीज कन्फर्म द लेबल डिझाइन बाय थर्सडे, १२ नून युअर टाइम, सो दॅट वी कॅन स्टार्ट पॅकिंग ऑन फ्रायडे मॉर्निंग. वी लुक फॉरवर्ड टू युअर कन्फर्मेशन." काय हवंय, कधीपर्यंत, आणि नाही मिळालं तर काय अडतं, हे पहिल्या वाक्यात. दुसरं नुसतं सौजन्याचं. ते वगळलं तरी काम होईल, पहिलं वगळलं तर होणार नाही. माझं मत विचाराल तर बहुतेक पत्रांत 'टू'पुढच्या आयएनजीपेक्षा हे जास्त चुकतं.

'युअर टाइम' मुद्दाम लिहिलंय. हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेतीन. आपला द्राक्षाचा हंगाम नेमका या बदलावरून जातो. त्यांचे दुपारचे बारा म्हणजे फेब्रुवारीत आपले साडेचार, एप्रिलमध्ये साडेतीन.

८. नोकरीच्या अर्जात 'आय लुक फॉरवर्ड टू जॉइनिंग युअर कंपनी' लिहावं का?

अर्जात नको. अजून मुलाखतीचा पत्ता नाही आणि तुम्ही रुजू व्हायला निघालात असं वाटतं. तिथे "आय लुक फॉरवर्ड टू डिस्कसिंग माय ॲप्लिकेशन विथ यू" पुरेसं. ऑफर लेटर आलं आणि तुम्ही होकार कळवताय, तर 'जॉइनिंग' अगदी योग्य, उलट तिथे ते लिहावंच.

'लुकिंग फॉरवर्ड टू युअर पॉझिटिव्ह रिप्लाय'बद्दलही विचारतात. व्याकरण ठीक आहे, पण होकारच द्या असा हट्ट त्यात दिसतो. 'पॉझिटिव्ह' काढा.

९. हॉटेलच्या कन्फर्मेशनमध्ये 'टू वेलकम यू' लिहितो. पाहुणे तर कधी काही बोलले नाहीत.

पाहुणे बोलणार नाहीत, पण 'टू वेलकमिंग यू' करून टाका. छापील मजकूर एकदा सुधारला की पुढच्या प्रत्येक बुकिंगला आपोआप बरोबर जातो.

यात दोन अवघड रूपं येतात. पहिलं 'बी'चं: "वी लुक फॉरवर्ड टू बीइंग युअर होस्ट्स", 'टू बी' नव्हे. बोलावणं यावं अशी वाट बघत असाल तर कर्मणी रूप: "आय लुक फॉरवर्ड टू बीइंग इन्व्हायटेड." दुसरं, येणार पाहुणा आणि आनंद तुम्हाला. अशा वेळी 'युअर व्हिजिटिंग अवर व्हिनयार्ड' हे जुन्या वळणाचं, 'यू व्हिजिटिंग' बोलण्यातलं, आणि दोन्ही थोडी अवघडलेली. सरळ नाम घ्या: "वी लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट." वाइन टेस्टिंगला गंगापूर धरणाकडे येणाऱ्यांना हेच पाठवा.

१०. पैसे थकलेत. तगाद्याच्या पत्रातही हीच ओळ?

पहिल्या आठवणीत चालते: "वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युअर पेमेंट बाय…" आणि पुढे तारीख. तिसऱ्या आठवणीत ती विनोदी वाटते. तेव्हा 'वी एक्स्पेक्ट टू रिसीव्ह' वापरा (इथे मूळ रूप का, ते प्रश्न ६ मध्ये आहे). 'एक्स्पेक्ट' कडक आहे, ते खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या ग्राहकावर उगाच वापरू नका.

शोकसंदेशात, कामावरून काढल्याच्या पत्रात, अपघाताच्या कळवणुकीत ही ओळ कधीच नको. तिच्यात आनंदाने वाट बघणं आहे. कंपनीच्या ठरलेल्या सहीखाली ती कायमची चिकटवून ठेवणाऱ्यांची इथे पंचाईत होते. नकारात मात्र हवी तिथे वापरा: "आय ॲम नॉट लुकिंग फॉरवर्ड टू द ऑडिट."

११. भेट रद्द झाली. आता भूतकाळात कसं लिहू?

"वी वेअर लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू." 'लुक'चा काळ बदलतो, 'मीटिंग' तसंच राहतं.

१२. 'लुक फॉरवर्ड टू'नंतर आयएनजी नसलेलं क्रियापद बरोबर असेल, असं कधीच होत नाही का?

होतं. हा प्रश्न स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विचारतात, आणि त्यांना यात फसवण्यासाठीच वाक्यं रचतात.

एक: 'लुक फॉरवर्ड' शब्दशः, म्हणजे पुढे बघणं. कसारा घाटात गाड्या थांबल्यात, ड्रायव्हर मान पुढे काढून बघतोय: "द ड्रायव्हर लुक्ड फॉरवर्ड टू सी व्हाय द ट्रॅफिक हॅड स्टॉप्ड." हा 'टू' हेतू सांगतो, म्हणून 'सी' बरोबर. 'सीइंग' लिहिलंत तर गाड्या का थांबल्या ते बघायला तो आतुर होता असं होईल.

दोन: जिची वाट बघतोय ती गोष्ट वाक्यात आधीच येऊन गेलेली असते आणि पुढे येतं ते मुख्य वाक्याचं क्रियापद. "द डे वी हॅड लुक्ड फॉरवर्ड टू केम ॲट लास्ट." 'टू'चं नाम 'द डे', ते मागेच आहे. 'केम' त्या दिवसाचं क्रियापद. तसंच "द हार्वेस्ट वी लुक फॉरवर्ड टू बिगिन्स इन जॅन्युअरी." 'बिगिनिंग' केलंत की वाक्याला क्रियापदच उरत नाही. 'धिस'ची चाचणी (प्रश्न २) इथे लावू नका. आधी मुख्य क्रियापद शोधा.

१३. स्पेलिंगमध्ये 'फॉरवर्ड'ला ई कुठे येतो?

कुठेच नाही. एफ, ओ, आर, डब्ल्यू, ए, आर, डी. 'फोअरवर्ड' हा वेगळा शब्द आहे, पुस्तकाच्या सुरुवातीची प्रस्तावना. त्यात ई आहे आणि शेवटी 'वर्ड', शब्द या अर्थाचा. दोन्हींची खिचडी करून तिसरंच लिहू नका. मागे एस लावून 'फॉरवर्ड्स' असंही या वाक्प्रचारात लिहीत नाहीत.

१४. 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिव्हर्ट' आणि 'लुकिंग फॉरवर्ड टू द सेम'?

आपल्या ऑफिसांत दोन्ही सर्रास चालतात आणि आपसांत कळतात. बाहेर 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणं, आणि ते क्रियापद आहे, नाम नाही. 'रिप्लाय' लिहा. 'द सेम' वाचणाऱ्याला मागे जाऊन 'कशाचं?' शोधायला लावतं. वस्तूचं नाव घ्या: इनव्हॉइस, ड्रॉइंग, सॅम्पल.

१५. आयईएलटीएसमध्ये ही ओळ लिहिली तर मार्क वाढतात का?

नुसत्या तिने नाही. या परीक्षेचे दोन प्रकार आहेत. जनरल ट्रेनिंगमध्ये लेखनाच्या पहिल्या टास्कला पत्र असतं, किमान १५० शब्दांचं, त्याला साधारण २० मिनिटं द्यावीत अशी सूचना असते. ॲकॅडेमिकमध्ये तिथे आलेख किंवा तक्ता येतो, पत्रच नसतं, तर ओळ पाठ करून उपयोग काय? पत्र असेल तर सूर जुळवा: मॅनेजरला 'आय लुक फॉरवर्ड', मित्राला 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड' किंवा "कान्ट वेट टू सी यू" (हा 'टू' पहिल्या जातीचा). आणि विषयाशी जोडा. हरवलेल्या बॅगेबद्दल पत्र असेल तर "आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग वेदर माय बॅग हॅज बीन फाउंड" हे पाठांतराचं वाटत नाही.

१६. आमचा परदेशी खरेदीदारच 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर' लिहितो. मग त्याचं बघून लिहू, की त्याला सांगू?

दोन्ही नको. नेदरलँड्स, जर्मनी, दुबईतला खरेदीदार म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा असं नाही, त्याचीही ती तुमच्यासारखीच शिकलेली भाषा. त्याच्या ईमेलखाली तुम्ही 'टू हिअरिंग' लिहा आणि ऑर्डरचं बोला. मजकूर कॉपी करून उत्तर द्यायची सवय असेल तर तेवढी ओळ स्वतः टाइप करा, नाहीतर त्याची चूक तुमच्या पत्रात येते.